काळा पाइन: खोड भरतच नाहीये. फांदी खुडू की मोकाट सोडू? (ठाणे)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. बोन्सायवाल्या जाणकारांसाठी प्रश्न आहे.

माझ्याकडे जपानी ब्लॅक पाइनचं एक झाड आहे. बियांपासून केलेलं रोप एका हौशी गृहस्थांकडून घेतलं होतं. कासारवडवलीला सतराव्या मजल्यावर टेरेस आहे, ऊन भरपूर, दुपारनंतर खाडीकडून वाराही भरपूर. झाड ठणठणीत, सुया हिरव्यागार. पण खोड आणलं तेव्हा करंगळीएवढं होतं, आता जेमतेम अंगठ्याएवढं आहे आणि खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचं. बोन्सायच्या उथळ कुंडीतच आहे. कॅन्डल (पाइनचा मेणबत्तीसारखा सरळ उभा येणारा नवा कोंब) वर आली की शेंडा खुडतो, म्हणजे आकार राहतो.

नर्सरीवाला म्हणतो, खुडत राहा, खोड आपोआप भरेल. एका वर्कशॉपमध्ये मात्र सांगितलं की खालची एक फांदी मोकाट सोडा, तीन-चार फूट जाऊ द्या, मग कापून टाका. सॅक्रिफाईस ब्रांच म्हणे. कापायचीच आहे तर वाढवायची कशाला, हे काही डोक्यात शिरत नाही. कोणाचं खरं?

गच्चीवरची
माझ्या पिंपळाचंही हेच रडगाणं. चांगल्या उत्तरांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

खाडीकाठ
घोडबंदरकर, वर्कशॉपवाल्यांचं खरं. खुडण्याने फांद्या दाट होतात, खोड नाही.

सालीच्या लगेच आत कॅम्बियमचा पातळ थर असतो. तो आतल्या अंगाला लाकूड तयार करतो, बाहेरच्या अंगाला साल. त्याला कामाला लावतात दोन गोष्टी: सुयांमध्ये तयार झालेली साखर आणि वाढत्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक. खोडात दोघांचाही प्रवास मुख्यतः खाली, मुळांकडे. म्हणून मोकाट सोडलेली फांदी खोडाला जिथे जोडलेली असते तिथून खालचंच खोड भरतं. त्याच्या वरच्या भागाला तिचा काडीचा उपयोग नाही. उलट ती फार जोरात गेली तर वरचा भाग उपाशी राहतो.

एवढं डोक्यात बसलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल. बुंधा जाड हवा? मग फांदी अगदी खाली हवी, मातीपासून दोन-तीन इंचांवर. सगळं खोड भरायचंय? मग शेंडाच सोडा. दोन्ही सोडले तर बुंध्याला दोघांचं मिळतं आणि वरच्या खोडाला फक्त शेंड्याचं, म्हणजे निमुळतेपणा आपसूक येतो. आज तुमच्या खोडाला तो नाही, कारण खाली काहीच वाढू दिलेलं नाही.

आणि हो, त्या उथळ कुंडीतून झाड बाहेर काढा. ती कुंडी तयार झाडासाठी असते. खोड भरायच्या काळात मुळांना जागा हवी, हवा हवी. भाजीचा प्लास्टिकचा क्रेट किंवा पसरट टोपली घ्या. जाळीपाशी आलेलं मुळाचं टोक हवेने सुकतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात, गोल गोल फिरत बसत नाहीत. जपानात ताकामात्सुच्या किनाशी आणि कोकुबुंजी भागात पाइन शेतात लावून वाढवतात आणि नंतर खणून कुंडीत आणतात. आपल्याला शेत कुठलं मिळायला, आपलं शेत म्हणजे क्रेट.

घोडबंदरकर
वा, आता उजेड पडला. फोटो टाकलाय, बघा. मातीपासून चारेक इंचांवर एकाच जागी चार फांद्या आहेत, चहूबाजूंना. त्यांच्या खाली मागच्या बाजूला एक मरतुकडी काडी आहे, टोकाला सुयांचा एवढासा झुपका. ती मी काढूनच टाकणार होतो.

खाडीकाठ
अजिबात काढू नका!! तीच तुमची फांदी. खाली आहे, मागे आहे. कापल्यावर व्रण मागच्या बाजूला राहील, समोरून दिसणार नाही. अशी जागा मागून मिळत नाही.

आज मरतुकडी आहे कारण वरच्या चौघी सावली धरून बसल्यात. पाइनचा ओढा कायम शेंड्याकडे. तेव्हा तिला उजेड द्या. तारेने अलगद बाहेर आणि वर वळवा, टोक आकाशाकडे. आडव्या फांदीपेक्षा उभी फांदी जोरात पळते. तिला खुडायचं नाही, सुया उपटायच्या नाहीत, हातच लावायचा नाही. वरच्या भागातल्या कॅन्डल तेवढ्या आवरा, म्हणजे जोर खाली येईल.

आता त्या चार फांद्या. पाइनमध्ये एका पातळीवर चक्रासारख्या फांद्या येणं स्वाभाविक आहे. पण त्या तशाच ठेवल्या तर चौघी मिळून तेवढीच जागा फुगवतात. वर-खाली बारीक आणि मधे गाठ, असं झालं की सुधारणं कर्मकठीण. दोन ठेवा, वेगवेगळ्या दिशेच्या. बाकीच्या दोन एकदम नको, एक आत्ता, एक पुढच्या थंडीत.

ओझरकर
बोन्सायमधलं मला ओ की ठो कळत नाही. भाचीने धागा पाठवला म्हणून वाचला. पण साखर खाली जाण्याचा मुद्दा आमच्या रोजच्या कामातला, म्हणून लिहितो.

द्राक्षात मणी सेट झाले की फुगवणीसाठी आम्ही गर्डलिंग करतो. खोडाच्या किंवा ओलांड्याच्या (तारेवर पसरवलेल्या आडव्या फांदीच्या) सालीची काही मिलिमीटर रुंद कडी चाकूने गोल काढायची. लाकडाला धक्का नाही, त्यामुळे पाणी वर जात राहतं. पण साखर सालीतून खाली उतरते ती कडीपाशी अडते आणि घडाकडे वळते. काही दिवसांनी जवळून बघा. कडीच्या वरच्या काठावर सालीचा जाडसर ओठ आलेला असतो, खालचा काठ तसाच कोरडा. पानांनी कमावलेलं कुठे चाललं होतं ते तिथे बोट ठेवून दाखवता येतं. कडी भरून आली की वाहतूक पूर्ववत.

पाइनवर हे करायला जाऊ नका, फक्त समजायला सांगितलं. रच्याकने, जाड खोडाची वेल हवी तर आम्हीही पहिल्या वर्षी काडी मोकळी वाढू देतो, घडांचा मोह धरत नाही.

गच्चीवरची
ओझरकर, हे भारीच. कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळलं.

सीवूड्सकर
विरजण घालतोय, माफ करा. पण मूळ प्रश्न असा की ठाण्यात काळा पाइन हवाच कशाला? हे समशीतोष्ण हवेतलं झाड. त्याला थंडीत काही महिने थांबायची सवय. आपल्याकडे जानेवारीत पहाटे जरा गारवा पडला की लोक स्वेटर घालून मॉर्निंग वॉकला निघतात, ती थंडी झाडाच्या खिजगणतीतही नाही. वर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. फांदी सोडून खोड भरायला पाच-सात वर्षं लावायची आणि एखाद्या जुलैत मुळं कुजून सगळं मुसळ केरात.

त्यापेक्षा सुरूचं झाड घ्या. अलिबाग, नागाव, किहीम, सगळ्या किनाऱ्यावर बनं आहेत. खारी हवा, ऊन, वारा सगळं झेलतो. वाढतो झपाट्याने, फांदी सोडली की दोन पावसाळ्यांत बुंधा दिसायला लागतो. लांबून बघणाऱ्याला पाइनच वाटतो. मुळांवर फ्रँकिया नावाच्या जिवाणूंच्या गाठी असतात, हवेतला नत्र स्वतःच कमावतो, म्हणून वाळूतही जगतो.

खाडीकाठ
सीवूड्सकर, सुरूबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याकडेही आहे. तंत्र शिकायला त्याच्याइतकं चांगलं झाड नाही, पाइनला जे दाखवायला पाच वर्षं लागतात ते तो लवकर दाखवतो.

पण सुरू हा पाइन नाही, पाइनच्या कुळातलाही नाही. तो सपुष्प वृक्ष. आपण ज्याला सुया म्हणतो त्या त्याच्या सांधे असलेल्या हिरव्या काड्या, खरी पानं म्हणजे सांध्यावरचे बारीक खवले. छाटल्यावर जुन्या लाकडातून तो जितक्या सहज फुटतो तितका पाइन फुटत नाही. आणि इथेच सॅक्रिफाईस फांदीचा सगळा खेळ वेगळा होतो. सुरूत, वडात, पिंपळात आधी खोड भरून घ्या, मग सगळं कापा, झाड परत फुटेल. पाइनमध्ये जिथे सुया नाहीत तिथे डोळा (नवा कोंब) फुटायची आशा जवळजवळ सोडायची. म्हणून मोकाट फांदी पळत असताना खोडालगतच्या ठेवायच्या फांद्या जिवंत आणि आखूड ठेवाव्याच लागतात. एकाच झाडावर दोन वेगळी कामं: एकीकडे हात लावायचा नाही, दुसरीकडे हात काढायचा नाही.

हा भाग लोक विसरतात. फांदी सोडतात, ती चार फूट जाते, बुंधा छान होतो, आणि तोवर खोडालगतच्या सगळ्या बारीक फांद्या सावलीने मेलेल्या असतात. मग कापणार काय आणि ठेवणार काय? त्यासाठी मोकाट फांदी लांब झाली की तिच्या खोडाकडच्या निम्म्या भागावरच्या जुन्या सुया आणि उपफांद्या काढायच्या. टोकाचा झुपका तेवढा ठेवायचा. झुपका बराच वर, उन्हात. खाली नुसती उघडी दांडी, सावली न करणारी. दिसायला फार विचित्र दिसतं, पाहुणे हसतात, हसू द्या.

हवेचं म्हणाल, तर काळा पाइन मुळात जपान-कोरियाच्या किनाऱ्यावरचा. खाऱ्या वाऱ्याला तो घाबरत नाही, नेरुळला माझ्या गॅलरीत खाडीचा वारा थेट येतो. त्रास थंडी नसण्याचा आहे हे मान्य. झाड पूर्ण थांबत नाही, कॅन्डल अवेळी निघतात. म्हणून जपानी वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. तिकडे उन्हाळ्याच्या सुरुवातीला कॅन्डल काढून दुसरी आखूड फूट घेतात. ते तंत्र खोड तयार झाल्यानंतरचं, सुया लहान करण्यासाठी. खोड भरायच्या काळात सगळ्या झाडावर ते करणं म्हणजे एका हाताने खत घालायचं आणि दुसऱ्या हाताने उपास घडवायचा.

सीवूड्सकर
दोन वेगळी कामं, हा मुद्दा पटला. तरी माझं मत कायम, पहिलं झाड सुरूच. पाइन नंतर.

सुईदोरा
हिमालयातला चीड चालेल का? इकडे एका प्रदर्शनात रोप बघितलं होतं, स्वस्त होतं.

खाडीकाठ
चीड कमी उंचीच्या हिमालयातला, त्यामुळे उष्णता बरी सोसतो. पण सुया तीन-तीनच्या जुडग्यात आणि 20 ते 30 सेंटीमीटर लांब. छोट्या झाडावर केस विस्कटल्यासारखं दिसतं. मोठं, दोघांनी उचलायचं झाड करणार असाल तर जरूर.

येऊरची
मला पावसाचं आणि वाऱ्याचं बोलायचंय. वरती सगळे चार फुटी फांदीबद्दल बोलताहेत आणि धागाकर्ते राहतात सतराव्या मजल्यावर! जूनच्या पहिल्या वादळात ती फांदी शिडासारखी वारा धरणार. क्रेट हलका, मिश्रण हलकं. झाड आडवं झालं तर झाडाचं नुकसान, कठड्यावरून खाली गेलं तर कोणाचा तरी जीव.

तर: कठड्यावर कधीच नाही, जमिनीवरच. क्रेटमध्ये झाड तळाच्या जाळीला तारेने घट्ट बांधा. मूळ हललं की नवी पांढरी टोकं तुटतात आणि जाडी राहिली बाजूला, झाड सावरण्यातच वर्ष जातं. फांदीला बांबू द्या, बांबू क्रेटला बांधा. आणि क्रेट भिंतीतल्या हुकाला.

माती म्हणाल तर माती नकोच. चाळलेला वीटचुरा, बारीक खडी, थोडा कोळसा. 3 ते 6 मिलिमीटरचा दाणा ठेवा, खालची पूड फेकून द्या. तीच पूड पावसाळ्यात चिखल करते. कोकोपीट आपल्या पावसात पाइनला नको, दिवसेंदिवस ओलं राहतं. संततधार लागली की क्रेटच्या एका बाजूखाली वीट सरकवायची, तिरकं राहिलं की साचलेलं पाणी उतरतं. मिश्रणात मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून धुऊन टाकू नका, पाइनला ती उपयोगाची असते. झाड बदलताना थोडं जुनं मिश्रण नव्यात मिसळा.

खत पावसाळ्यात नाही. मोहरीची पेंड ओली राहिली की अळ्या आणि वास, मग शेजारी आणि मग सेक्रेटरी. ऑक्टोबर ते मे भरपूर द्या, मोकाट फांदी खाणारी असते.

घोडबंदरकर
येऊरची, सेक्रेटरीचं पत्र आलेलंच आहे. :) "गच्चीत वृक्षलागवड" असा शब्दप्रयोग आहे. झाड दीड फुटाचं. फांदी चार फूट झाल्यावर काय लिहितील कोण जाणे.

आता कळीचा प्रश्न. कापायची कधी आणि कशी?

खाडीकाठ
कधी, याला एक उत्तर नाही. माझं मत सांगतो: फांदीची जाडी खोडाच्या निम्म्याच्या आसपास आली की विचार सुरू करा. लोभ धरून आणखी दोन वर्षं ठेवली तर बुंधा जाड होईल खरा, पण व्रणही तेवढाच मोठा. पाइनची साल व्रणावर सावकाश चढते. एकच राक्षसी फांदी करण्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीवर एकामागून एक दोन-तीन फांद्या सोडणं आणि वेळेत काढणं मला जास्त पसंत. व्रण लहान, जागा वेगळ्या, खोडाला वरून खाली वाढत जाणारी जाडी.

हंगाम डिसेंबर-जानेवारी. आपल्याकडे त्यातल्या त्यात झाड शांत असतं, हवा कोरडी असते. पावसाळ्यात मोठा काप अजिबात नाही.

एका झटक्यात नाही. त्या फांदीच्या सुयांवर जी मुळं पोसलेली असतात ती एकदम उपाशी पडतात. आधी टोक कापून फांदी निम्मी करा, पण काही सुया ठेवून. एकही सुई न ठेवता कापली तर ती फांदी त्याच दिवशी मेली समजा. बाकी झाडाला पुढाकार घेऊ द्या. पुढच्या थंडीत उरलेली.

मागच्या थंडीत मी एक काढली. बारीक दातांची करवत घेतली होती, दोन-चार वेळा ओढल्यावरच अडकायला लागली. राळेने पातं चिकट झालं होतं. पात्याला खोबरेल तेल लावून पुसलं की परत सुरळीत. काप ओला, पिवळसर, घरभर टर्पेंटाईनसारखा वास. खोडाला घासून कापली नाही, बोटभर खुंट ठेवला. खुंट सुकल्यावर कॉन्केव्ह कटरने (खोलगट काप घेणाऱ्या बोन्सायच्या कात्रीने) थोडा थोडा कुरतडत खोडाच्या पातळीपेक्षा किंचित आत नेला. कडेची साल धारदार चाकूने साफ, गुळगुळीत. कडा खरबरीत राहिली तर साल चढायला कंटाळा करते. मग कट पेस्ट, म्हणजे कापावर लावायचा लेप. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर पेस्टच्या कडेने राळेचे थेंब आलेले, मधासारख्या रंगाचे. ते पुसायचे नाहीत.

खुंट काढायचाच असंही नाही. जागा शोभणारी असेल तर साल सोलून जिन करा, वाळलेल्या फांदीचं टोक. फक्त आपल्या हवेत उघडं लाकूड पावसाने लवकर कुजतं, पाइन राळेमुळे जरा टिकतो इतकंच. बुंध्याशी अगदी मातीलगत जिन नको.

गच्चीवरची
पेस्टऐवजी फेव्हिकॉल चालतो ना? सगळे तेच लावतात.

येऊरची
चालतो म्हणजे काय, पावसात पांढरा होऊन निघून जातो. बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावा, किंवा बोन्सायची कट पेस्ट आणा, एक डबी वर्षानुवर्षं पुरते.

सीवूड्सकर
फेव्हिकॉलला एवढंही झोडपू नका. डिसेंबरात, छपराखाली, छोट्या कापावर मी लावतो आणि भरतं. मोठ्या कापाला नाही.

सुईदोरा
एक बाळबोध शंका. बुंध्याला वळण द्यायचं असेल तर ते आधी की नंतर? माझी रोपं पेन्सिलीपेक्षा बारीक आहेत.

खाडीकाठ
बाळबोध कसली, सगळ्यात महत्त्वाची. आधी! आत्ता! खालच्या दोन-तीन इंचांना तार लावून वळण द्या, तेही एका पातळीत नागमोडी नको, थोडं पुढे-मागेही. एकदा फांदी सोडून बुंधा भरला की तो वाकत नाही. आणि जाड होताना वळणं थोडी बुजतात, म्हणून सुरुवातीला हवं त्याहून जास्त वाकवा. तार रुतायला लागली की काढा. भरणाऱ्या खोडात ती बघता बघता रुतते, दर आठवड्याला नजर हवी.

आणखी एक युक्ती, घोडबंदरकरांसाठीही. शेंडा मोकाट सोडलाय आणि त्याच्या खाली एक बारीक, चांगल्या कोनातली बाजूची फांदी आहे, तर शेवटी शेंडा कापून तिलाच नवा शेंडा करा. जाडीत फरक पडतो तिथेच निमुळतेपणा आणि वळण दोन्ही मिळतं. मोकाट शेंडा तोवर सहा फूट गेला तरी चालेल.

येऊरची
सहा फूट!! सेक्रेटरी गेले कामातून.

घोडबंदरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: क्रेट घेतो, जानेवारीत झाड हलवतो. मागची काडी तारेने वर वळवणार. चारपैकी एक फांदी आत्ता, एक पुढच्या वर्षी. शेंडा खुडणं बंद. नर्सरीवाल्याशी वाद घालत नाही, त्याच्याकडून वीटचुरा घ्यायचाय.

शेवटची शंका: क्रेटमध्ये हलवताना मुळंही छाटू का? उथळ कुंडीत गच्च भरली आहेत.

खाडीकाठ
एका वेळी एकच दुखणं द्या. झाड हलवताना मुळं छाटणार असाल तर फांदी काढू नका, ती पुढच्या थंडीत. मुळांतही अर्ध्या बाजूचं जुनं मिश्रण काढा, अर्धी बाजू तशीच ठेवा, पुढच्या वेळी उरलेली. खाली सरळ जाणारी जाड मुळं आखूड करा, आडवी पसरणारी राखा, कारण बुंधा भरेल तशी तीच वर दिसणार आहेत. हलवल्यावर तीन-चार आठवडे खत नाही आणि दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी.

येऊरची
आणि क्रेटच्या तळाला जाळी अंथरा, नाहीतर पहिल्याच पाण्याला सगळा वीटचुरा खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर.